दारापुढचे हिम कोणाचे?

बर्फ म्हटले की आपल्या बडोद्याच्या माणसाला आठवते ती लाकडाच्या भुशात ठेवलेली, गोणपाटात गुंडाळलेली लादी. लग्नकार्यात तिचे तुकडे सरबताच्या पिंपात पडत, आणि उन्हाळ्याच्या दुपारी गोळेवाला तीच लादी रंध्यावर घासून पोरांच्या हातात रंगीत गोळा देई. बर्फ ही आपल्याकडे पैसे देऊन घरात आणण्याची वस्तू. तो पैसे देऊन घराबाहेर काढावा लागतो, आणि न काढला तर नगरपालिका दंड करते किंवा घसरून पडलेला वाटसरू कोर्टात खेचतो, ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते.

परंतु आता ती चमत्कारिक वाटून भागणार नाही. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात जी जुनी मराठी घराणी आहेत, त्यांपैकी ज्यांचा मुलगा, मुलगी, भाचा किंवा पुतण्या टोरोंटो, शिकागो, बॉस्टन किंवा न्यू जर्सी यांपैकी कोठेच नाही, अशी घरे आता शोधावी लागतील. या मुलांनी तिकडे स्वतःची घरे घेतली आहेत. डिसेंबर उजाडला की हिमाने मढलेल्या घरांची छायाचित्रे आपल्या फोनवर येतात, आणि आपण ती कौतुकाने चारचौघांना दाखवतो. त्या छायाचित्रांत फावडे दिसत नाही. घर घेताना मुलाने कर्जाचे, कराचे आणि विम्याचे कागद वाचलेले असतात. पण दारापुढचे हिम कोणी काढायचे, किती वेळात काढायचे आणि न काढल्यास काय होते, हे त्याला बहुधा पहिल्या हिवाळ्यातच कळते.

मी गाण्याचा शिक्षक. कायद्याशी माझा संबंध यावा तो माझ्या शिकवण्यांमुळे. इकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात टोरोंटोला आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि ती वेळ तिकडच्या मुलांना गाण्यासाठी सोयीची पडते. हिम पडले की शिकवणी उशिरा सुरू होते, कारण मुलांचे वडील बाहेर फावडे घेऊन उभे असतात. अशाच एका गृहस्थांना मी विचारले, "तुम्ही तर या कामासाठी माणूस लावला आहे ना?" ते म्हणाले, "लावला आहे, गुरुजी. पण तो वेळेवर आला नाही आणि कोणी पडले, तर विचारतील मला." या उत्तराने मला हा विषय वाचायला लावले. वाचून माझे जे मत झाले ते आधीच सांगतो. हिम काढण्याची मेहनत विकत घेता येते, पण त्यामागची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकून मोकळे होता येत नाही. आणि कायद्याचे काम एवढेच की, हिम तसेच पडू देण्यात कोणाचाच फायदा होऊ नये. हे दुसरे काम तिकडचा कायदा सगळीकडे नीट करत नाही, अशी माझी तक्रार आहे.

आधी ही वस्तू समजून घेतली पाहिजे. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण या प्रकरणात हिम आणि बर्फ निराळे धरावे लागतात. आकाशातून पडते ते हिम. ते पायाखाली दबून घट्ट होते, दिवसा थोडे वितळते आणि रात्री पुन्हा गोठते, तेव्हा त्याचा बर्फ होतो. डांबरी रस्त्यावर त्याचा पातळ, पारदर्शक थर बसला तर तो दिसतही नाही. रस्ता नुसता ओला आहे असे वाटते. त्याला तिकडे 'काळा बर्फ' म्हणतात, आणि बरीच हाडे त्याच्यावरच मोडतात. तेव्हा हिम वेळेवर काढण्याचा सारा खटाटोप हा खरे पाहता उद्याचा बर्फ टाळण्यासाठी असतो.

हे काम किती जड आहे, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. घरापुढे मोटार आत नेण्याची जी वाट असते, जिला तिकडे ड्राइव्हवे म्हणतात, ती १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद धरू. रात्रीतून २० सेंटिमीटर हिम पडले, तर तेवढ्या जागेत १० घनमीटर हिम साचले. ताज्या, भुसभुशीत हिमाचे वजन घनमीटरला सुमारे १०० किलो धरले, तरी एकूण वजन १,००० किलो, म्हणजे एक टन होते. हिम ओले असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. एका फावड्यात ५ किलो येते असे मानले तर दोनशे वेळा वाकून, उचलून, बाजूला फेकावे लागते. आणि हे कामावर निघण्यापूर्वी, अंधारात, थंडीत. एवढे झाल्यावर नगरपालिकेची नांगरासारखे पाते लावलेली गाडी रस्ता साफ करत जाते, आणि रस्त्यावरच्या दडपलेल्या हिमाचा एक बांध बरोबर आपल्या वाटेच्या तोंडाशी घालून जाते. तोही पुन्हा आपणच फोडायचा.

आता कायद्याकडे वळू. घरासमोरचा फूटपाथ हा सामान्यतः शहराच्या मालकीचा असतो, पण त्यावरचे हिम काढण्याचे काम पुष्कळ शहरांनी लगतच्या घरमालकावर टाकले आहे. न्यूयॉर्कमध्ये हिम सकाळी ७ ते संध्याकाळी ५ या वेळात थांबले तर ४ तासांत, संध्याकाळी ५ ते रात्री ९ या वेळात थांबले तर १४ तासांत, आणि त्यानंतर रात्रीतून थांबले तर सकाळी ११ च्या आत फूटपाथ मोकळा करावा लागतो. बॉस्टनमध्ये हिम थांबल्यापासून ३ तास मिळतात. रात्री थांबले असेल तर सूर्योदयापासून ३ तास. आणि वाट निदान ४२ इंच रुंद हवी. हे ४२ इंच कोणाच्या लहरीतून आलेले नाहीत. चाकांच्या खुर्चीतून जाणाऱ्या माणसाला आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईला तेवढी जागा लागतेच. शिकागोत वाट ५ फूट रुंद करायची असते, आणि दिवसा पडलेले हिम रात्री १० पर्यंत, रात्री पडलेले सकाळी १० पर्यंत काढायचे असते.

काढलेले हिम कोठे टाकायचे, यालाही नियम आहे. ऑन्टारिओ प्रांतात ते लेखी परवानगीवाचून रस्त्यावर टाकणे हा गुन्हा आहे. आपले अंगण झाडून केर शेजारणीच्या दारात लोटणाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, तेव्हा हा नियम का करावा लागला हे बडोदेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही.

येथवर सारे सरळ आहे. गुंता पुढे आहे. नगरपालिकेचा दंड ही एक गोष्ट, आणि घसरून पडलेल्या माणसाला द्यावी लागणारी नुकसानभरपाई ही निराळी गोष्ट. दंड सोसण्यासारखा असतो. माकडहाड किंवा खुबा मोडलेल्या माणसाच्या औषधोपचाराचा आणि बुडालेल्या मिळकतीचा दावा ही मात्र घर हादरवणारी गोष्ट आहे. म्हणूनच तिकडे घराच्या विम्यात अशा दाव्यांची तरतूद असते. आपल्या हद्दीतल्या पायऱ्या, दारापर्यंतची वाट आणि ड्राइव्हवे सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेणे, हे कर्तव्य ऑन्टारिओत घराचा ताबा असलेल्यावर आहे. टपालवाला, सामान पोहोचवणारा मुलगा, मुलांना खेळायला घेऊन आलेली शेजारीण, या सर्वांच्या बाबतीत ते आहे. यात मला काहीच आक्षेपार्ह दिसत नाही. ज्याला आपण दारापर्यंत येऊ देतो, त्याला धडपणे परत जाता आले पाहिजे.

फूटपाथचे मात्र त्रांगडे आहे. ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने २००० साली असा निर्णय दिला की, फूटपाथ साफ करण्याचा नगरपालिकेचा नियम मोडला म्हणून घरमालक पडलेल्या माणसाला भरपाई द्यायला बांधील होत नाही. त्याच्या छपराच्या पन्हळीचे पाणी फूटपाथवर वाहून तेथे गोठले, किंवा त्याने तो भाग आपल्याच ताब्यात घेतल्यासारखा वापरला, तर गोष्ट वेगळी. बरे, मग भरपाई शहराने द्यावी? तर फूटपाथवरच्या हिमाबद्दल त्या प्रांतातले शहर केवळ घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच जबाबदार धरले जाते, आणि पडलेल्याने दहा दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते. म्हणजे घरमालक म्हणतो, फूटपाथ शहराचा. शहर म्हणते, आमचा निष्काळजीपणा घोर नव्हता. आणि ज्याचे हाड मोडले तो या दोघांच्या मध्ये आडवा पडलेला.

अमेरिकेत दर राज्याचा ठेका निराळा. न्यूयॉर्क शहराने २००३ मध्ये फूटपाथवरच्या अपघातांची जबाबदारी आपल्याकडून काढून लगतच्या मालकांवर टाकली, पण मालक स्वतः राहत असलेली, एक ते तीन कुटुंबांची निव्वळ राहती घरे तिच्यातून वगळली. त्या घरांना हिम काढण्याचा नियम आणि दंड लागू आहेच. भरपाईचा भार तेवढा नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये व्यापारी मालमत्तेच्या मालकांना फूटपाथबद्दल जबाबदार धरले, पण २०११ मध्ये राहत्या जागांच्या मालकांना त्या भारातून बाहेरच ठेवले. तेव्हा "माझ्या मित्राने शिकागोत असे केले" हा दाखला घेऊन एडिसनमध्ये वागणे शहाणपणाचे नव्हे. आपल्या गावचा नियम आपणच वाचला पाहिजे.

या सगळ्यात मला खरोखर खटकते ती एक जुनी विचारसरणी. अमेरिकेतल्या अनेक न्यायालयांनी पिढ्यानपिढ्या असा भेद मानला की, हिम आपोआप पडून साचले असेल तर ते 'नैसर्गिक', आणि त्यावर कोणी घसरले तर मालक जबाबदार नाही. परंतु मालकाने ते हलवले, ढीग केला, आणि त्या ढिगाचे पाणी वाहून गोठले, तर तो बर्फ 'कृत्रिम', आणि मग मालक अडकला. यातून वकिलांनी व्यवहारी सल्ला काढला तो असा, की हात लावूच नका. हात लावाल तर फसाल. पहाटे उठून फावडे मारणारा माणूस संकटात, आणि रजईत झोपून राहिलेला सुरक्षित! आळसाला बक्षीस देणारा याहून सरस नियम शोधून सापडणार नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्यात हा भेद १८८३ पासून चालत आला होता. २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर गोठलेल्या बर्फाच्या तुकड्यावरून एक ग्राहक घसरला होता. तो तुकडा बाजूच्या ढिगातून गळून पडलेला, की वितळलेले पाणी जागच्या जागी गोठून झालेला, यावर निकाल अवलंबून होता. पायाखालच्या बर्फाची अशी कुळकथा काढत बसण्यापेक्षा मालकाने सारी परिस्थिती पाहून शहाण्या माणसासारखी काळजी घेतली की नाही, एवढेच पाहावे, असे न्यायालयाने ठरवले. मला हा निकाल न्यायाचा आणि व्यवहाराचाही वाटतो. इलिनॉय राज्याने दुसऱ्या टोकाने तोच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. तेथे १९७९ पासून असा कायदा आहे की, राहत्या घराच्या मालकाने घरालगतचा फूटपाथ साफ करण्याचा प्रयत्न केला आणि तो पुरता जमला नाही, तरी जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे केलेल्या चुकीखेरीज त्याच्यावर दावा चालत नाही. लोकांनी फावडे उचलावे म्हणून कायद्याने पुढे केलेला हा हात आहे. माझ्या मते दोन्ही गोष्टी जोडीने हव्यात. प्रयत्न करणाऱ्याला आधार आणि प्रयत्नच न करणाऱ्याला जाब. एकट्या पहिल्याने आळशी सुटतो, एकट्या दुसऱ्याने प्रामाणिक घाबरतो.

आता भाडोत्री सेवेचा विचार करू. तिकडे हिम काढणाऱ्या ठेकेदारांचा मोठा धंदा आहे. कोणी साऱ्या हिवाळ्याचे ठरावीक पैसे घेतो, कोणी दर खेपेचे. हंगामाचा करार म्हणजे एक प्रकारे हवामानावर लावलेली पैजच होय. हिम कमी पडले तर ठेकेदार जिंकतो, फार पडले तर घरमालक. यात वावगे काही नाही. वावगे होते ते करार न वाचल्याने. बहुतेक करारांत हिमाची एक मर्यादा ठरलेली असते. समजा ५ सेंटिमीटर पडल्याखेरीज गाडी यायची नाही. मग ४ सेंटिमीटर पडून गोठले तर? ते काम घरमालकाचे. गाडी ड्राइव्हवे साफ करते, पण पायऱ्या आणि दारापर्यंतची वाट करारात आहे का? नगरपालिकेच्या गाडीने नंतर घातलेला बांध फोडायला ठेकेदार पुन्हा येणार का? मीठ टाकणे त्या पैशांत आले की निराळे? त्याचा स्वतःचा विमा आहे का? आणि तो कधी येऊन गेला याची नोंद कोण ठेवतो? अपघात झाला तर तारीख आणि वेळ यांनाच सर्वांत अधिक किंमत येते, म्हणून ही नोंद घरमालकाने आपल्याजवळही ठेवावी.

करार कितीही चोख असला, तरी तो दोघांमधला असतो. पडलेला माणूस त्यात नसतो. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले की, ठेकेदार त्रयस्थ माणसाला सामान्यतः बांधील नसतो. त्याने आपल्या कामाने धोका निर्माण केला किंवा वाढवला, किंवा त्याच्या नेमाच्या कामावर विसंबून कोणाचे नुकसान झाले, किंवा मालकाची जागा सुरक्षित ठेवण्याची सारी जबाबदारीच त्याने पत्करली, तरच तो अडकतो. साधारण घरगुती करारात या तिसऱ्या प्रकारचे काहीच नसते. मैफलीला तबलजी बिदागी देऊन बोलावला म्हणून ताल सांभाळण्याचे गायकाचे काम संपत नाही. सम चुकली की श्रोते गायकाच्याच तोंडाकडे पाहतात. ठेकेदार लावलेल्या घरमालकाची स्थिती तशीच आहे. गाडी येऊन गेल्यावर एकदा बाहेर येऊन पाहणे, पायरीवर मूठभर मीठ किंवा वाळू टाकणे, पन्हळीचे पाणी कोठे उतरते ते तपासणे, हे त्याला चुकत नाही. ऑन्टारिओत जानेवारी २०२१ पासून हिम-बर्फावरून झालेल्या इजेबद्दल जागेच्या ताबेदाराला किंवा ठेकेदाराला साठ दिवसांच्या आत लेखी कळवण्याचे बंधन आले आहे. यामुळे निदान घटना ताजी असताना तपास होतो, आणि दोन वर्षांनी अचानक नोटीस येऊन कोणी गांगरत नाही.

जे स्वतः घरमालक नाहीत, त्यांच्यासाठीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या शहरातून शिकायला गेलेली पुष्कळ मुले तिकडे तळघरातल्या खोल्यांत भाड्याने राहतात, आणि घरमालक खोली देतानाच सांगतो की हिम तुम्ही काढायचे. ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले आहे की, वाटा हिमापासून मोकळ्या ठेवण्याचे घरमालकाचे कर्तव्य भाडेकरारातल्या एका कलमाने भाडेकरूवर ढकलता येत नाही. भाडेकरूने ते काम करायचेच, तर तो मोबदला घेऊन केलेला स्वतंत्र करार हवा. परदेशात एकट्या राहणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला हे ठाऊक नसते. आई-वडिलांनी त्याला हे कळवावे.

यावर कोणी म्हणेल, एवढी भानगड कशाला? फूटपाथ शहराचा, मग शहरानेच तो साफ करावा. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला उत्तर देणारी शहरेही आहेत. मॉन्ट्रियल शहर रस्ते आणि फूटपाथ मिळून सुमारे १०,००० किलोमीटर अंतरावरचे हिम स्वतः काढते, आणि मोठ्या वर्षावानंतर ते मालमोटारींत भरून वाहून नेते. टोरोंटोने २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून जवळजवळ सर्व फूटपाथ यंत्राने साफ करायला घेतले; त्यापूर्वी शहराच्या जुन्या भागांत ते काम घरमालकांकडे होते आणि त्याला १२ तासांची मुदत असे. मला हा बदल योग्य वाटतो. फूटपाथ ही साखळी आहे. दहा घरांपैकी नऊ जणांनी काढले आणि दहाव्याने काढले नाही, तर काठी टेकत जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने सारा रस्ताच बंद. अशी साखळी एका हाताने सांभाळलेली बरी. तथापि शहराचे यंत्र फूटपाथपर्यंतच येते. फूटपाथपासून दारापर्यंतची वीस-पंचवीस पावले आणि चार पायऱ्या घरमालकाच्याच राहतात. आणि पाहुणा तर त्यांवरूनच येतो.

दुसरा आक्षेप असा की, ज्याच्याने फावडे उचलवत नाही त्याने काय करावे? त्याने उचलू नये, हेच उत्तर. २०१७ मध्ये कॅनडाच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात क्वेबेक प्रांतातल्या अनेक वर्षांच्या नोंदींचा एक अभ्यास आला. जोराच्या हिमवर्षावानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि त्यांतून होणारे मृत्यू वाढलेले दिसतात, असे त्यात आढळले, आणि त्यामागे फावडे मारण्याचे श्रम असावेत असा अभ्यासकांचा तर्क आहे. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, आणि त्याच वेळी दोनशे वेळा ओझे उचलायचे. नातवाला पाहायला गेलेले आपले आजोबा "जरा व्यायाम होईल" म्हणून सुनेच्या नकळत फावडे हाती घेतात. त्यांना कोणीतरी प्रेमाने पण ठामपणे अडवले पाहिजे. वृद्धांसाठी, आजाऱ्यांसाठी माणूस लावणे ही चैन नव्हे. माझे म्हणणे इतकेच की, माणूस लावताना सर्वांत स्वस्त दर म्हणजेच सर्वांत चांगला करार असे समजू नये. पहाटे तीनला, रस्ते धड दिसत नसताना, चाळीस घरे करायला निघालेल्या माणसाला पुरेसे पैसे मिळाले नाहीत, तर चाळिसाव्या घराची पायरी राहणारच.

एका दुष्परिणामाचा उल्लेख केला पाहिजे. दाव्याच्या भीतीने पुष्कळजण मीठ भरमसाट टाकतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, पण उणे दहा अंश सेल्सिअसच्या आसपास साध्या मिठाची मात्रा चालेनाशी होते. तेथे वाळूच बरी. टाकलेले मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यात, तळ्यात, विहिरीत जाते. कॅनडा सरकारच्या २००१ च्या अहवालाने रस्त्यांवरच्या मिठाचा पर्यावरणाला होणारा अपाय मान्य केला आहे. न्यू हॅम्पशायर राज्याने २०१३ मध्ये यावर एक युक्ती काढली. मीठ बेताने वापरण्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या आणि वापराची नोंद ठेवणाऱ्या ठेकेदारांना, तसेच त्यांना काम देणाऱ्या मालकांना, दाव्यांपासून काही संरक्षण दिले. भीती कमी केली की मीठ कमी होते, हे ओळखणारा हा कायदा मला शहाणा वाटतो. इतरांनीही त्याचे अनुकरण करावे.

आपल्याकडे उंबरठ्याबाहेर सडा घालून रांगोळी काढण्याची रीत होती. ती जागा बहुधा घराच्या सातबाऱ्यात किंवा सनदेत नसे. ती रस्त्याचीच असे. तरी घरातली बाई पहाटे उठून ती झाडी, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय प्रथम तेथे पडतो. कायदा नव्हता, दंड नव्हता, आणि म्हणूनच ही रीत जिथे गेली तिथे निमूटपणे गेली. तिकडच्या लोकांनी तीच गोष्ट तास, इंच आणि कलमे घालून लिहून ठेवली आहे. ही कलमे कोठे फार कडक आहेत, कोठे उलट्या दिशेने ओढणारी आहेत, आणि ती सुधारली पाहिजेत. पण त्यांच्या मुळाशी असलेली समजूत आपल्या मुलांना परकी वाटण्याचे कारण नाही. त्यांनी गावचा नियम वाचावा, ठेकेदाराचा करार सही करण्यापूर्वी वाचावा, आणि गाडी येऊन गेली तरी दार उघडून पायरीवर एकदा नजर टाकावी. सकाळी पहिला येणारा माणूस टपालवाला असेल, नाहीतर शेजारची म्हातारी असेल. तो किंवा ती सुखरूप परतली, की त्या दिवसापुरते घरमालकाचे काम झाले.